कोर्लईची ‘नौ लिंग’ : एका गावाची आणि त्याच्या घरातल्या भाषेची ओळख

‘आपला किनारा, आपली गावं’ या विषयावर बोलताना आज मी तुम्हाला मुरुड तालुक्यातल्या कोर्लई गावाची ओळख करून देणार आहे. कोर्लईचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. मुलांच्या सहलीबरोबर गेला असाल, दीपगृहापाशी फोटो काढले असतील. पण किल्ल्याच्या पायथ्याशी जे गाव आहे, त्या गावात एक अशी भाषा बोलली जाते जी जगात दुसरीकडे कुठंही बोलली जात नाही. ती बोलणारी माणसं हजाराच्या आत-बाहेर आहेत. ती टिकली ती घरात, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी. आज ती राहते की जाते, असा प्रश्न आहे. म्हणून आधी गाव समजून घेऊ आणि मग त्या भाषेकडे वळू.

गाव कुठं आहे, कसं आहे

अलिबागहून मुरुडकडे निघालं की चौल लागतं, मग रेवदंडा. रेवदंड्याच्या पुढं कुंडलिका नदीची खाडी आडवी येते. पूल ओलांडला की साळाव. तिथून समुद्राच्या कडेनं रस्ता पुढं बोर्ली, काशीद, नांदगाव करत मुरुडला जातो. या रस्त्यावर साळाव सोडल्यावर उजव्या हाताला समुद्रात शिरलेला एक लांबट डोंगर दिसतो. मगर पाण्यात अंग टाकून पडावी तसा. त्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जमिनीची सखल पट्टी. या डोंगराच्या पाठीवर कोर्लईचा किल्ला, आणि पायथ्याशी कोर्लई गाव.

डोंगर काही फार उंच नाही. पण जागा पाहा. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, आणि समोर पलीकडच्या काठावर रेवदंडा. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या डोंगराच्या नजरेखालूनच जावं लागायचं. डोंगर ज्याच्या हातात, त्याच्या हातात खाडीचं दार. गावाचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे.

खाडीच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते आणि कोलाड, रोहा असं करत इथं समुद्राला मिळते. मुळशीच्या धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळातून भिरा इथं घाटाखाली उतरवून त्यावर वीज तयार करतात. हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणजे एरवी मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते मावळातलं पाणी आज कोर्लईजवळ अरबी समुद्राला मिळतं. या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि त्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. नदी ओळखीची वाटते, पण तिच्या पाण्यामागं दुसऱ्या गावांचा इतिहास असतो, तो असा.

गावात कोळीवाडा आहे, इतर हिंदू वस्ती आहे आणि ख्रिस्ती वस्ती आहे. तिथं माउंट कार्मेलचं चर्च आहे. समुद्राकाठी घर म्हणजे घरात मासेमारीच, असं आपल्याला वाटतं. पण इथली ख्रिस्ती मंडळी मुख्यतः शेतकरी. पावसाळ्यात भात, आणि पुढं जमिनीतल्या ओलीवर कडधान्य, ही आपल्या किनाऱ्यावरची नेहमीचीच रीत.

आधी चौल, मग कोर्लई

कोर्लई समजायचं तर खाडीपलीकडचं चौल समजून घ्यावं लागतं. आज चौल म्हटलं की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि रामेश्वराचं देऊळ आठवतं. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठं बंदर होतं. ग्रीक लेखकांनी सेमिल्ला, सिमुल्ला अशा नावांनी त्याचा उल्लेख केला आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसुदी इथं येऊन गेला, त्यानं त्याला सैमूर म्हटलं. रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन १४६९ च्या सुमाराला याच किनाऱ्यावर उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. घोडे, रेशीम, कापड, मसाले यांचा इथं मोठा व्यापार चाले.

अशा बंदरावर पोर्तुगीजांची नजर पडली नसती तरच नवल. १५०८ साली चौलच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला इजिप्तचं आणि गुजरातचं आरमार, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ साली त्यांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवली आणि खाडीच्या तोंडाशी, आजच्या रेवदंड्यात, आपलं ठाणं बांधलं. तेव्हापासून दोन चौल झाली. आतल्या बाजूचं वरचं चौल निजामशाहीचं आणि समुद्रकाठचं खालचं चौल पोर्तुगीजांचं. रेवदंड्यातली तटबंदी आणि सातखणी मनोरा ही त्याच खालच्या चौलची खूण.

समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र बराच काळ मोकळा होता. तो कुणी बांधायचा नाही, अशीच दोघांची धडपड. कारण तिथं एकानं तोफ चढवली की दुसऱ्याचं बंदर धोक्यात. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं चौलला वेढा घातला, पण ठाणं काही पडलं नाही. पुढं निजामशाहीनं या डोंगरावर किल्ला उभारला आणि तिथून समोरच्या वस्तीवर तोफा सुरू झाल्या. १५९४ साली पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हल्ला केला आणि किल्ला घेतला. तो पुढं जवळजवळ दीडशे वर्षं त्यांच्याकडे राहिला. आजही किल्ल्यात छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंती, पाण्याचं टाकं आणि पोर्तुगीज शिलालेख दिसतात.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तरेकडच्या पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर इंग्रज आले. तोवर बंदर गाळानं भरत चाललं होतं, व्यापार मुंबईला गेला होता, आणि चौलची बाजारपेठ जाऊन नारळाच्या वाड्या उरल्या होत्या.

भाषा घरात कशी जन्मली

इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. कोर्लईत ती इथून पुढं सुरू होते.

पोर्तुगालहून इथं आलेले बहुतेक पुरुष होते. शिपाई, खलाशी, कारागीर, व्यापारी. बायका फार थोड्या. म्हणून त्यांचा सरदार अफोन्सो द आल्बुकर्क यानं १५१० नंतर गोव्यात धोरणच ठेवलं की आपल्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्न करून इथंच संसार थाटावा. तशीच कुटुंबं चौलातही झाली. शिवाय घरकामाला, ओझ्याला, शेताला राबणारी इथली माणसं होती, त्यात गुलामही होते. त्यांतल्या पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी मनानं, काहींनी परिस्थितीनं. म्हणजे लक्षात घ्या, कोर्लईची ख्रिस्ती मंडळी पोर्तुगालहून आलेली नाहीत. काही घराण्यांत ते रक्त मिसळलंही असेल, पण ही माणसं मुळात आपल्याच किनाऱ्याची.

आता अशा घराची कल्पना करा. आईची बोली मराठी. मालकाची, पाद्र्याची, ठाण्याची भाषा पोर्तुगीज. दोघांनाही एकमेकांची भाषा पुरी येत नाही. मग रोजच्या कामाला लागणारे शब्द पोर्तुगीजचे घ्यायचे, त्यांचे अवघड प्रत्यय गाळायचे, आणि वाक्य आपल्या जिभेला सोपं पडेल तसं जुळवायचं. मोठी माणसं असं तोडकंमोडकं बोलतात. पण त्या घरात जन्मलेलं मूल तेच ऐकत वाढतं आणि त्याची ती मातृभाषा होते. मुलं तिला नियम देतात, पुरी करतात. अशा रीतीनं तयार झालेल्या भाषेला अभ्यासक क्रिओल म्हणतात. क्रिओल म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे. तिचं तिचं व्याकरण असतं, आणि चुकीचं बोललं की गावातली म्हातारी तुम्हाला लगेच सुधारते.

कोर्लईची मंडळी आपल्या भाषेला ‘नौ लिंग’ म्हणतात. म्हणजे ‘आमची भाषा’. ‘क्रिस्ती’ असंही तिचं नाव आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची चाल मराठी. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमानं बोलतो. आपण ‘मी भात खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी. कोर्लईच्या भाषेतही क्रियापद शेवटाकडे सरकलं आहे, आणि म्हाताऱ्या माणसांपेक्षा तरुणांच्या बोलण्यात ते जास्त सरकलेलं दिसतं. आपण नावाला ‘चा, ची, चे’ लावतो, तसं ते ‘सु’ लावतात. पेद्रूचं घर म्हणायचं तर आधी ‘पेद्रूसु’ आणि मग घर, अगदी आपल्यासारखं. पोर्तुगीज भाषेत ‘घर पेद्रूचं’ असा उलटा क्रम असतो. मराठी क्रियापदं उसनी घ्यायची झाली तर त्यांच्यासाठी या भाषेनं एक वेगळा वर्गच केला आहे, म्हणजे पाहुण्या शब्दांना घरात स्वतंत्र खोली काढून द्यावी तसं. घराचं सामान पोर्तुगालचं, पण मांडणी इथल्या बायकांची.

तुमच्याही स्वयंपाकघरात

ही देवघेव एकतर्फी नव्हती. आपण ख्रिस्ती असू वा नसू, पोर्तुगीज शब्द आपण सगळ्याजणी रोज वापरतो. सकाळी चावी फिरवून दार उघडता, ती ‘चावी’ पोर्तुगीज. दाराची ‘बिजागरी’ पोर्तुगीज. पाणी भरता ती ‘बादली’ आणि साठवता ते ‘पिंप’, दोन्ही त्यांचे. कणीक मळायची ‘परात’, माती उचलायचं ‘घमेलं’, कपड्यांची ‘इस्त्री’ यांची मुळंही तिकडचीच. ‘बटाटा’, ‘पाव’, ‘कोबी’, ‘काजू’, ‘अननस’ हे त्यांच्याकडून आलेले शब्द. ‘हापूस’ हे नाव अफोन्सोवरून आलं. महिन्याचा ‘पगार’, सरकारी ‘लिलाव’ आणि चोराला ‘तुरुंग’, हेही तसेच.

शब्दच नव्हे, चीजवस्तूही आल्या. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या आमटीत तिखटपणा यायचा तो मिरीचा. आगरी-कोळी कालवणाचा लाल रंग ज्या मिरचीशिवाय आपल्याला सुचत नाही, ती इथं पाचशे वर्षांचीच पाहुणी आहे. म्हणून कोर्लईच्या भाषेला ‘परकी’ म्हणताना जरा थांबावं. तेवढीच परकी आपली परातही आहे.

सत्ता गेली, भाषा राहिली

१७४० मध्ये पोर्तुगीज गेले. ज्यांना जाता आलं ते ऐपतदार गोव्याकडे गेले. गरीब कुळं, मजूर, शेतकरी जाणार कुठं? ती कोर्लईत राहिली. वसई आणि मुंबईच्या बाजूलाही अशाच पोर्तुगीज-मिश्र बोली होत्या, पण तिथल्या ख्रिस्ती समाजात हळूहळू मराठीची रूपं आणि पुढं इंग्रजी वरचढ झाली. दमणमध्ये पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होतं, त्यामुळं तिथली बोली राज्याच्या आधारानं राहिली. कोर्लईला तर असा कुठलाच आधार नव्हता. राज्य नाही, शाळा नाही, पुस्तक नाही. मग ही भाषा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ राहिली कशी?

पहिलं कारण भूगोल. तीन बाजूंना पाणी, समोर खाडी. पूल होण्यापूर्वी रेवदंड्याला जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात तीही बेभरवशाची. बाहेरचं वारं गावात उशिरा पोचायचं.

दुसरं कारण समाज. धर्म बदलल्यावर शेजारच्या हिंदू वस्तीशी रोटी-बेटीचा व्यवहार राहिला नाही. वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या इतर ठिकाणच्या मंडळींनीही यांना आपल्यात धरलं नाही. धर्म बदलला तरी जात मागं येतेच, हे आपल्याकडचं दुःख. त्यामुळं लग्नं बहुतेक गावातल्या गावात. आई तीच भाषा बोलणारी, बाप तीच, आजी तीच. मुलाच्या कानावर दुसरं काही पडायचंच नाही. ज्या एकटेपणानं माणसांना सोसायला लावलं, त्याच एकटेपणानं भाषा राखली.

तिसरं कारण चर्च. चौल सुटलं तरी इथल्या चर्चचा संबंध गोव्याशी पुष्कळ काळ राहिला. पोर्तुगीज येणारे पाद्री येत, प्रार्थना त्या भाषेत होत. त्यामुळं घरच्या बोलीला मान होता. ती पाद्र्याच्या भाषेची नातलग होती.

आणि चौथं कारण बायका. शेतावर, बाजारात, कचेरीत पुरुषाला मराठी बोलावीच लागे. बाईही शेतात राबे, पण मूल तिच्या कडेवर. लावणीच्या वेळी, दळताना, लग्नात गाणी तिच्या तोंडी. कोर्लईची गाणी, गोष्टी, म्हणी लिहिलेल्या नव्हत्या, त्या आईकडून लेकीकडे गेल्या.

आज काय होतं आहे

या चारही भिंतींना गेल्या साठ-सत्तर वर्षांत दारं पडली. १९६० च्या दशकात रोमच्या निर्णयानं जगभर कॅथलिक उपासना लोकांच्या भाषेत होऊ लागली. कोर्लईत ती मराठीत आली, कारण पुस्तकं मराठीत होती. नौ लिंगमध्ये पुस्तक नव्हतंच. शाळा मराठी. पुढं कुंडलिकेवर पूल झाला, साळावला कारखाना आला, एसटी आणि रिक्षा आल्या. नोकरीसाठी मुलं मुंबईला गेली. मुली दुसऱ्या गावी दिल्या गेल्या, दुसऱ्या गावच्या सुना आल्या. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पूल नको, शाळा नको, असं कोण म्हणेल? अडलेल्या बाळंतिणीला रात्री खाडी ओलांडून न्यावं लागलं असेल, तिला पूल म्हणजे काय ते विचारा.

पण भाषेवर त्याचा परिणाम होतो. घरात सून मराठी बोलणारी आली की नवरा-बायको मराठीत बोलतात. मुलगा शाळेत मागं पडू नये म्हणून आई त्याच्याशी मराठी बोलायला लागते, आता इंग्रजीही. आजी नौ लिंगमध्ये विचारते, नातू मराठीत उत्तर देतो. नातवाला कळतं सगळं, पण बोलत नाही. भाषा जाते ती अशीच. भांडण होत नाही, बंदी येत नाही. एक पिढी बोलते, दुसरी समजते आणि तिसरीला नुसती गंमत वाटते.

अभ्यासकांनी मात्र या भाषेची दखल घेतली आहे. गोव्याचे विद्वान पाद्री सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ साली उत्तरेकडच्या अशा बोलींवर लिहिलं. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेन्ट्स यांनी गावातल्या लोकांशी बोलून कोर्लईच्या भाषेवर १९९६ साली संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केलं. पण पुस्तकानं भाषेची नोंद राहते, भाषा जिवंत राहते ती बोलण्यानंच.

आपल्यासाठी यात काय आहे

तुम्ही म्हणाल, कोर्लईच्या हजार माणसांची ही गोष्ट, आम्हाला काय तिचं? मैत्रिणींनो, आपल्याकडेही तेच चाललं आहे. आगरी बोली, कोळी बोली, कातकरी बोली, इथल्या कोकणी मुसलमान घरांतली बोली. ‘शुद्ध बोल’ म्हणून आपणच मुलांना दटावतो. आई-बापाच्या मनात भीती असते ती खरी असते. मूल वर्गात हसू होऊ नये, त्याला नोकरी मिळावी. पण मूल दोन काय, तीन भाषाही सहज पेलतं. घरात एक बोलून शाळेत दुसरी शिकता येते. पिढ्यान्‌पिढ्या कोर्लईच्या शेतकऱ्यांनी हेच केलं. घरात नौ लिंग आणि बाजारात मराठी, आणि कुणाचंही काही अडलं नाही. घरची बोली बोलल्यानं शाळेची भाषा बिघडत नाही. घरच्या बोलीची लाज वाटायला लागली की मात्र मूल दोन्हीकडे गप्प होतं.

करण्यासारखं काय, तर फार मोठं काही नाही. घरात जी बोली आहे ती लेकरांशी बोला. आजीची गाणी, उखाणे, मासळीची, पावसाची, भाताच्या जातींची नावं मोबाईलवर तिच्याच आवाजात भरून ठेवा. बचतगटाच्या बैठकीत दहा मिनिटं एकेकीनं आपल्या घरचे दहा शब्द सांगावेत, वहीत लिहावेत. सामुदायिक रेडिओ तर त्यासाठीच आहे, इथं प्रमाण भाषेची सक्ती नाही.

आणि कोर्लईला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. वरून एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र दिसेल. पण खाली उतरल्यावर गावातून जाताना जरा हळू चाला. ओट्यावर दोघी-तिघी बसून बोलत असतील. शब्द कळणार नाहीत, पण चाल ओळखीची वाटेल, कारण ती चाल मराठीची आहे. त्यांना नावं ठेवू नका, ‘पोर्तुगीज बोलून दाखवा’ म्हणून तमाशाही करू नका. नमस्कार करा, ख्यालीखुशाली विचारा. त्या उत्तर मराठीत देतील, आणि तुम्ही पुढं गेलात की पुन्हा आपल्या भाषेत बोलू लागतील. त्या तशा बोलत राहाव्यात, एवढंच आपण मनात धरू.